पाना हातात घेण्याआधी

गणपती बसायच्या आदल्या रविवारी माझ्या भाच्याची मोटरसायकल सिमरोलच्या पुढे, घाटात बंद पडली. पहाटे सहा जण ओंकारेश्वरला निघाले होते. पाच पोहोचले. हा दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला भिजत बसला आणि शेवटी गाडी टेम्पोत दोरांनी बांधून इंदूरला, रामबागेत घेऊन आला. दोन वर्षांची गाडी. गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, टाकीवर सोनेरी रेघ, बघणाऱ्याला वाटावं आजोबांच्या वेळची आहे. पुढचे दहा दिवस आमच्याकडे आरतीला जो आला तो या गाडीवर मत देऊन गेला. निम्म्या लोकांचं म्हणणं, या जुन्या थाटाच्या गाड्या नुसत्या मिरवायच्या. भरवसा हवा असेल तर साधी शंभर सीसीची घ्यावी. उरलेल्यांचं म्हणणं, गाडीत खोट नाही, हल्लीच्या मुलांना पाना धरता येत नाही. आम्ही अशा गाड्या रस्त्यात उघडायचो, जोडायचो आणि घरी यायचो. दोन्हीकडची माणसं शहाणी, दोन्हीकडचा अनुभव खरा. पण सीटखाली काय आहे ते त्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं. मुख्य वायरिंगची तीन ठिकाणी साल काढून त्यात बाहेरच्या वायरी पिळल्या होत्या. सोल्डर नाही, कपलर नाही, वर काळी टेप, तीही पावसाने सुटून चिकट झालेली. एका वायरीवर दोन जादा फॉग लॅम्प, दुसरीवर मोठा हॉर्न, मध्ये रिले (दिव्यांचा भार मूळ वायरीवर पडू न देणारा स्विच) नाही. दिवे पंचावन्न-पंचावन्न वॉटचे, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. ती वायर जिथे जोडली होती तिथूनच टाकीतल्या पेट्रोल पंपाला वीज जात होती. धुकं होतं म्हणून दिवे लावून घाटात शिरले, फ्यूज उडाला, पंप थांबला, इंजिन गप्प. दुसरा फ्यूज घातला, तोही उडाला. मग कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली आणि वायरीचं प्लास्टिक वितळून शेजारच्या वायरीला चिकटलं. इंजिन शाबूत होतं. पंप शाबूत होता. कारखान्यात केलेला एकही सांधा सुटला नव्हता. सुटलेले आणि जळलेले सगळे सांधे नंतर केलेले होते.

म्हणून माझं मत आधीच सांगते. आज बाजारात मिळणाऱ्या जुन्या वळणाच्या मोटरसायकली रोजच्या वापराला आणि लांबच्या प्रवासाला पुरेशा भरवशाच्या आहेत. त्यांची बदनामी होते त्यातला मोठा वाटा मालकाच्या हाताचा आहे. गाडीवर प्रेम आहे म्हणून तिला सारखं उघडत राहणं ही देखभाल नव्हे. आणि 'गाडी वाईट की चालवणारा अडाणी' हा वाद जोवर चालू आहे, तोवर चांगल्या चालणाऱ्या गाडीला हात का लावला, हा मधला प्रश्न कोणी विचारणार नाही.

हे मी नुसतं बाहेरून बोलत नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं देखभाल विभागात काढली. आणि त्याच्या कितीतरी आधी, आठ-नऊ वर्षांची असताना, रविवारी सकाळी बाबांच्या बुलेटपाशी मी टॉर्च धरून उभी असायचे. बाबा पिस्टन वर आणून ठेवायचे, टॅपेटचं झाकण काढायचे आणि आतला पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायचे. तो दोन बोटांत अलगद फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मला फिरवायला लावायचे. "लागतंय का कुठे?" मी नाही म्हटलं की नट आवळायचे, आणि आवळताना माप सरकतं म्हणून पुन्हा फिरवून बघायचे. मग पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची, फट पातीने मोजायची. किक मारायच्या आधी डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, आणि मगच अंग टाकायचं. हे सगळं बाबा हौसेने करत, यात शंका नाही. पण केवळ हौस म्हणून करत नव्हते. त्या इंजिनाची ती गरज होती. लोखंडी सिलिंडर, झिजणारे पॉइंट, हाताने लावायचे टॅपेट; ठरलेल्या अंतराने हात लावला नाही तर ते चालणारच नव्हतं. १९५०च्या दशकात सैन्याने गस्तीसाठी साडेतीनशेच्या आठशे बुलेट मागवल्या आणि त्यातून १९५५ साली मद्रासला कारखाना उभा राहिला. पुढची पन्नासएक वर्षं त्या इंजिनाचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. दोन पिढ्यांच्या हातांना त्याचीच सवय लागली.

आता त्याच रूपाच्या गाडीच्या पोटात काय आहे ते पाहा. २००९च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एका खोक्यात आले आणि ऑइलच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, म्हणजे बाबांचं दोन बोटांचं काम संपलं. पॉइंट तर त्याआधीच गेले होते. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस सहा नियम लागू झाल्यावर कार्ब्युरेटर गेला, इंधन फवारणी आली. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे सगळं सेन्सर बघून संगणक ठरवतो. २०२१ साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिकमध्ये तर इंजिनच वेगळं आहे, थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. २०१८ साली जावा परत आली, ती आमच्या पीथमपुरातच तयार होते. जुन्या जावाचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं. नवीचं रूप हुबेहूब तेच, दोन्हीकडे दोन सायलेन्सर, पण आत पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन. बाहेरून आजोबा, आतून नातू. आणि आपण नातवाला आजोबांचं औषध पाजतो. त्या गोल दिव्याकडे पाहिलं की हात आपोआप पान्याकडे जातो, कारण तसला गोल दिवा आणि पाना आपण लहानपणापासून एकत्रच पाहिले आहेत.

हात लावल्याने बिघडतं कसं, हे कारखान्यात शिकायला मला फार वर्षं लागली, आणि जगाला ते एका युद्धात कळलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे पाणबुड्या शोधणारी विमानं होती. दर पन्नास उड्डाण-तासांनी त्यांची ठरलेली तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ तिथे आकडेवारीच्या कामावर होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अचानक उद्भवणाऱ्या बिघाडांचा आलेख काढला. तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढायला हवे, असं कोणीही म्हणेल. आलेख उलटा निघाला. तपासणी करून विमान बाहेर आलं की लगेच बिघाड सर्वांत जास्त, आणि मग तास वाढतील तसे कमी कमी. म्हणजे बरी चाललेली घडी तपासणीच विस्कटत होती. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यांच्या पाहणीत ठरावीक वयानंतर झिजून बिघडणारे भाग फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के भाग असे होते, की नवीन बसवल्यावर सुरुवातीलाच त्यांची बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त. सारखं उघडणं, बदलणं म्हणजे त्या धोक्याच्या पहिल्या दिवसांत पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहणं. आता मला सांगा, हवाई दलाच्या प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या हातून हे होत होतं, तर रविवारी सकाळी यूट्यूब बघून सायलेन्सर काढणाऱ्याच्या हातून काय होईल?

एक अनुभव माझाच सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मांडूला जायचं ठरलं. माझी गाडी तेव्हा नीट चालत होती, काहीही तक्रार नव्हती. पण लांब जायचं म्हणून आदल्या संध्याकाळी मी सगळं उघडून बसले. प्लग काढून घासला, क्लचची केबल ताणली, बॅटरीची टोकं काढून पांढरी बुरशी साफ केली. टोकं परत बसवत असताना फोन आला. उजवीकडचा बोल्ट पान्याने आवळला होता, डावीकडचा बोटांनी फिरवून ठेवला होता. फोन संपला, मी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी धारच्या अलीकडे, धो धो पावसात, एका खड्ड्यावरून गाडी उडाली आणि बंद पडली. दिवा नाही, हॉर्न नाही. मी एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी ओढली आणि काय केलं असेल? पुन्हा सगळं उघडलं. प्लग काढला, कार्ब्युरेटरची वाटी सोडली, आणि घाईत वाटीच्या एका स्क्रूचे आटे घालवले, म्हणजे एका बिघाडाचे दोन झाले. दीड तासाने टपरीवाला आला. त्याने काही न विचारता साइडचं झाकण काढलं, बॅटरीची काळी वायर अंगठ्याने दाबली आणि म्हणाला, "अब लगाओ।" गाडी सुरू झाली. ती सगळी वेळ मी बिघाड शोधत नव्हते, मी फक्त उघडत होते. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कारखान्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणाने इतकं स्वच्छ शिकवलं नाही.

आता विरुद्ध बाजूचं बळ कुठे आहे तेही मान्य केलं पाहिजे. सर्वांत मोठा मुद्दा हा, की गाड्यांत कारखान्याचे दोष असतातच, आणि 'तुम्ही छेडछाड केली' म्हणून ग्राहकाच्या माथी मारणं कंपन्यांना सोपं जातं. खरं आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या भागाच्या) दोषापायी परत बोलावल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या क्लासिकच्या २६,३०० गाड्या मागच्या ब्रेकच्या एका ब्रॅकेटसाठी परत बोलावाव्या लागल्या. कॉइल गरम होऊन इंजिन अडखळत असेल तर त्यात मालकाचा काय दोष? काहीही नाही. तिथे मालकाला बोल लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण याच उदाहरणाचा दुसरा अर्थही बघा. हे दोष सापडले कसे? हजारो गाड्यांत एकच लक्षण एकाच जागी दिसलं म्हणून. ज्या गाडीच्या वायरिंगला चार बाहेरचे सांधे आहेत, तिचं इंजिन अडखळलं तर ते कॉइलमुळे की सांध्यामुळे, हे कोण आणि कसं सांगणार? कंपनीशी भांडायचं असेल तर गाडी जशी दिली तशी असणं हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. तो पुरावा आपण दोन फॉग लॅम्पांसाठी घालवतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. "आत्या, वॉरंटी आहे ना अजून?" असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याच्यासमोर ती वितळलेली वायर धरली, आणि पुढे बोलायची गरज राहिली नाही.

दुसरा आक्षेप शंभर सीसीवाल्यांचा. स्प्लेंडरला काही होत नाही, या गाड्यांनाच का होतं? प्रश्न रास्त आहे आणि उत्तराचा एक भाग त्यांच्या बाजूचा आहे: ९७ सीसीचं लहान, हलकं, कमी ताकदीचं इंजिन कमी थकतं. पण दुसरा भाग लोक विसरतात. पहाटे सांवेर, देपालपूर, हातोदकडून दुधाचे कॅन लटकवून जे शेकडो लोक इंदूरला येतात, त्यांच्या गाड्या निरखून पाहा. मडगार्ड वाकलेलं, सीट फाटलेली, आरसा एकच. पण सायलेन्सर मूळचा, एअर फिल्टरचा डबा मूळचा, वायरिंगला कोणाचा हात लागलेला नाही. त्या माणसाला गाडी उघडायला ना वेळ आहे ना हौस. त्या गाडीच्या नावलौकिकात त्या न लावलेल्या हाताचा मोठा वाटा आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा जाहिरातीतच सांगितलं होतं, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. आणि देशाने ते ऐकलं. आता त्याच गाडीला मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावा, मोठा सायलेन्सर लावा, मागे रुंद टायर चढवा आणि माळव्याच्या काळ्या मातीच्या धुळीत वर्षभर फिरवा. कापसाच्या शेतातली ती बारीक धूळ उघड्या फिल्टरमधून सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनच्या रिंगा खाते, आणि ऑइल जळायला लागतं. मग स्प्लेंडरही धूर सोडेल. तुलना करायची तर हात न लावलेल्या दोन गाड्यांची करा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे, कारण तो बाबांच्या पिढीचा आहे. ते म्हणतात, हात लावायचाच नाही तर यंत्र कळणार कसं? बिघाड झाला की मोबाइलवरून माणूस बोलवायचा, ही लाचारी नव्हे का? आणि ज्या मिस्त्रींनी सुटे भाग मिळत नसतानाच्या काळात खराद (लेथ) मारून, पितळेचे बुश स्वतः बनवून या गाड्या रस्त्यावर ठेवल्या, त्यांची विद्या आपण मातीत घालायची? मी हे अक्षरशः मान्य करते. त्या विद्येशिवाय आज एकही जुनी बुलेट किंवा येझदी चालताना दिसली नसती. हौशी लोकांच्या खटपटीतून चांगल्या गोष्टीही निघाल्या आहेत. १९६०च्या दशकात इंग्लंडमधली तरुण मुलं गाड्यांचे हँडल खाली घेऊन, सीट कापून त्या शर्यतीसारख्या पळवत होती, आणि ते बघूनच कंपन्यांनी तसल्या गाड्या स्वतः काढल्या.

पण त्याच इंग्लंडची पुढची गोष्टही सांगायला हवी. तिथल्या मोटरसायकलींच्या इंजिनाचा खोका उभा दुभंगलेला असे आणि त्या सांध्यातून ऑइल पाझरे. मालकांनी ते स्वीकारलं, त्याचे किस्से केले, गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आणि त्यालाच गाडीचं व्यक्तिमत्त्व म्हटलं. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, बटणाने सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक, आणि खाली ऑइलचा थेंब नाही. जुन्या चाहत्यांनी तिला आत्मा नाही म्हणून नाक मुरडलं. सामान्य गिऱ्हाईक मात्र तिकडे गेलं. ज्या गावात आपल्या बुलेटचा जन्म झाला त्या रेडिचचा कारखाना १९६७ सालीच बंद पडला होता. ट्रायम्फचा मेरिडेनचा कारखाना १९८३ साली बंद झाला. याला इतर कारणंही बरीच होती, भांडवल, संप, व्यवस्थापन. पण दोषाला व्यक्तिमत्त्व म्हणायची सवय लागली की दोष काढून टाकायची निकड संपते, हेही त्यातलं एक कारण होतं असं मला वाटतं. आज 'हात काळे केल्याशिवाय ही गाडी कळत नाही' असं अभिमानाने म्हणणारे तोच पत्र्याचा ट्रे नव्या गाडीखाली ठेवत आहेत.

आणि प्रेमाने केलेली दुरुस्तीही कशी नडते, याचं उदाहरण आपल्याला फार लांब शोधायला नको. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पुन्हा धरवला, आणि त्या कामाचं ऋण आपल्यावर आहे. पण त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढवलं. त्याआधी एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्या चित्रकारांनीही रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश लावलं होतं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, तडकलं. खालचे रंग झाकले गेले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं तो थर हलक्या हाताने काढण्यात गेली. यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळ्यांचं त्या चित्रांवर प्रेमच होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण गेलेला रंग परत येत नाही. मऊ अ‍ॅल्युमिनियममधले ऑइल-बोल्टचे आटे एकदा गेले की तेही परत येत नाहीत. नवं बुश घालून, खोका सोडून पुन्हा बसवावा लागतो, आणि तो पहिल्यासारखा बसेलच असं कोणी छातीठोक सांगत नाही.

मग विद्येचं काय करायचं? माझं उत्तर असं, की विद्या निदानात आहे, उघडण्यात नाही. बाबांची बुलेट ज्यांच्याकडे जायची ते जवाहर मार्गाजवळच्या गल्लीतले उस्ताद हे मला ओळखीचं सर्वांत मोठं उदाहरण. गाडी नेली की ते आधी पाच मिनिटं काहीच करत नसत. स्टँडवर लावून चालू ठेवत, कान टाकीपाशी नेत, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरत, प्लगचा रंग बघत. आणि निम्म्या वेळा गिऱ्हाइकाला परत पाठवत: "चल री है ना? तो फिर क्यों खोल रिये हो?" त्या निम्म्या वेळा त्यांना एक पैसा मिळत नसे. तेच त्यांचं ज्ञान होतं. नव्या गाडीत प्लगच्या रंगाऐवजी संगणकातला एरर कोड वाचायचा, इतकाच फरक. तो वाचायची सोय मालकाला आणि गल्लीतल्या मिस्त्रीला मिळाली पाहिजे, वायरिंगचा नकाशा आणि दुरुस्तीची पुस्तिका मिळाली पाहिजे, हिंदीत आणि मराठीत मिळाली पाहिजे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. कंपन्यांना या बाबतीत मोकळं सोडू नये. दुरुस्तीच्या हक्कासाठी मी कोणाशीही भांडेन. पण जे बिघडलेलंच नाही त्याची दुरुस्ती करण्याला मी हक्क म्हणणार नाही. त्याला मराठीत खाजवून खरूज काढणं म्हणतात.

'माझी गाडी, माझी मर्जी' या म्हणण्यावर फार शब्द खर्चावेत असं मला वाटत नाही. रंग बदला (कागदोपत्री नोंद करून), चांगली सीट घ्या, सामानाची चौकट लावा. पण रात्री अकराला आमच्या गल्लीतून फटाके फोडत जाणारा सायलेन्सर ही खासगी गोष्ट नाही. शेजारच्या खिडकीत कोणाचं तरी तान्हं बाळ आहे, कोणाची तरी बायपास झालेली आहे. मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. शिवाय या फटाक्यांचा गाडीलाही फायदा नाही. नळी मोकळी केली की संगणकाचं हवा-पेट्रोलचं गणित चुकतं. तो आपल्या परीने सांभाळून घेतो, पण त्याच्या सांभाळण्याला मर्यादा आहे. मग ते सावरायला आणखी एक बाहेरचा डबा, त्याच्यासाठी आणखी दोन सांधे. पहिला हात कधीच शेवटचा नसतो. आणि हे सगळं बसवून देणारी दुकानं बिल देत नाहीत, काय कापलं, कुठे जोडलं याची नोंद देत नाहीत. घाटात जो बंद पडतो त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. वायरिंगला हात लावणाऱ्या प्रत्येक दुकानाने काय केलं ते लिहून द्यावं, एवढी सक्ती जरी आरटीओने केली, तरी फ्यूजच्या जागी चांदी बसवायची वेळ कमी लोकांवर येईल.

मी हात बांधून बसा म्हणत नाही. टायरची हवा, ऑइलची पातळी, ब्रेकचे पॅड, चेनला तेल, केबलची टोकं. हे महिन्यातून दोनदा अर्धा तास मागतं आणि ते द्यायलाच हवं. यातही मोजल्याशिवाय पाना फिरवू नये. चेन ढिली वाटली म्हणून ताणणारे रोज भेटतात. ती पंचवीस-तीस मिलिमीटर हललीच पाहिजे. ताठ केली की मागचं चाक खड्ड्यात गेल्यावर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. ढिली चेन आवाज करून सांगते तरी. ताठ चेन काहीच सांगत नाही, सहा महिन्यांनी बेअरिंग सांगतं.

भाच्याच्या गाडीचं वायरिंग अनंत चतुर्दशीनंतर पूर्ण नवं बसवलं. खर्च त्याने स्वतःच्या पगारातून केला. फॉग लॅम्प परत लावायचे तर रिले घालून, बॅटरीवरून वेगळी वायर ओढून, वेगळा फ्यूज देऊन लावता येतील, असं मी त्याला दाखवलं. त्याने ते अजून लावलेले नाहीत. बाबांची एक सवय मात्र त्याने उचलली आहे. बाबा बुलेटची वही ठेवायचे, निळ्या शाईत, तारीख आणि किलोमीटर लिहून. गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून चेनपाशी फूटपट्टी धरत होता. वर्षाची सुरुवात म्हणून कोणी देऊन गेलेल्या डायरीत त्याने लिहिलं: 'चेन २८ मिमी. ऑइल खिडकीत मध्यावर. पुढचा टायर हवा भरली. बाकी हात लावला नाही.' शेवटच्या वाक्याखाली त्याने रेघ मारली, डायरी टूल-बॉक्समध्ये पान्यांच्या वर ठेवली आणि गाडी पुसायला घेतली.